मारहाणीतून सुटायचंय आणि मूलही सोबत न्यायचंय : सीमा ओलांडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे तुम्ही दुसऱ्या देशात राहता. मुलगी सहा वर्षांची आहे, तिथल्याच शाळेत जाते. नवरा दोन वर्षांपासून तुम्हाला मारहाण करतो, मुलीवर मात्र त्याने कधी हात उचललेला नाही. तिचा पासपोर्ट त्याने कुलपात ठेवलाय. तुम्ही विचारता : मुलीला घेऊन मी आईवडिलांकडे निघून गेले तर ते अपहरण ठरेल का? आणि मारहाण सिद्ध झाली, तर मुलीला परत पाठवणार नाहीत ना?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असंच येतं. दुसऱ्याचं उत्तर असं की नुसती मारहाण सिद्ध होऊन भागत नाही. हे ऐकून धक्का बसेल याची मला कल्पना आहे. अशी प्रकरणं मी दोन्ही बाजूंनी लढवली आहेत, मूल घेऊन निघालेल्या आयांसाठीही आणि मागे राहिलेल्या पालकांसाठीही. खोटा दिलासा ऐकून निघालेल्या बाईचं किती नुकसान होतं ते जवळून पाहिलंय, म्हणून आधी स्पष्ट सांगते आणि मग वाट दाखवते. वाट आहे.

सगळ्यात आधी घर सोडणं आणि देश सोडणं या दोन गोष्टी वेगळ्या करा. जिवाला धोका असेल तर घर आजच सोडा. मुलीला घेऊन पोलिसांकडे, महिलांच्या निवाराघरात, मैत्रिणीकडे, कुठेही जा. त्याच देशात सुरक्षित जागी गेल्याने आंतरराष्ट्रीय अपहरणाचा प्रश्नच येत नाही. अनेक देशांत न्यायालय त्याच दिवशी तात्पुरता संरक्षण आदेश देतं. देश सोडण्याआधी मात्र त्याच देशातल्या, सीमापार ताब्याची प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलाशी बोला. साधा घटस्फोटाचा वकील इथे बरेचदा अपुरा पडतो.

आता कायदा. हेगमध्ये २५ ऑक्टोबर १९८० रोजी मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबत एक करार झाला आणि १ डिसेंबर १९८३ पासून तो अमलात आला. आज शंभरावर देश त्यात आहेत. त्याचा गाभा सोपा आहे. सोळा वर्षांखालचं मूल एका देशात नेहमी राहत असेल आणि एका पालकाने दुसऱ्याचा ताब्याचा हक्क डावलून त्याला दुसऱ्या देशात नेलं, किंवा सुट्टीला म्हणून नेऊन परत आणलंच नाही, तर ते मूल लवकरात लवकर मूळ देशात परत पाठवायचं. ताबा कोणाला द्यायचा, कोण चांगला पालक, कोण वाईट, हे सगळं मूळ देशाच्या न्यायालयाने ठरवायचं. ज्या देशात मूल नेलं तिथल्या न्यायालयाने, मूल परत पाठवायचं नाही असं ठरेपर्यंत, ताब्याच्या मुद्द्याला हात लावायचा नाही असं कलम १६ सांगतं. परत पाठवण्याचा आदेश म्हणजे ताब्याचा निकाल नव्हे, हे कलम १९ मध्ये आहे.

हा करार लिहिताना डोळ्यांसमोर होता तो ताबा हरलेला, रागाच्या भरात मूल पळवून नेणारा बाप. मूल लगेच आपल्या घरी, आपल्या आईकडे परत यावं हा हेतू होता, आणि त्या चित्राला तो करार चपखल बसतो. पण प्रत्यक्षात उलटं घडत गेलं. मूल परत मागण्यासाठी कराराखाली आलेल्या अर्जांचा २०२१ सालापुरता जो जागतिक अभ्यास झाला, त्यात मूल नेणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के आया होत्या, आणि बहुतेकजणी मुलाचा सांभाळ मुख्यतः स्वतः करणाऱ्या किंवा जोडीदाराबरोबर वाटून घेणाऱ्या. त्यातल्या सगळ्याच मारहाणीतून पळालेल्या होत्या असं नाही. पण अशा बायका किती आहेत हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. 'परत पाठवा' हा आदेश अशा घरात वेगळाच अर्थ घेऊन येतो. मूल परत जायचं म्हटलं की त्याला सांभाळणारी आईही त्याच्यामागून, त्याच माणसाच्या आवाक्यात परत जाते.

तुमच्या बाबतीत 'अपहरण' ठरायला दोन गोष्टी लागतील. एक, मुलीचं नेहमीचं वास्तव्य त्या देशात आहे. सहा वर्षांची, तिथल्या शाळेत जाणारी, तिथे मैत्रिणी असलेली मुलगी म्हणजे यावर वाद घालायला फारशी जागा नाही. नागरिकत्व कोणतं आणि पासपोर्ट कुठला याने फरक पडत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की वास्तव्य ठरवताना त्या कुटुंबाच्या सगळ्या परिस्थितीचा एकत्र विचार करायचा, आईवडिलांमध्ये तसा करार झालेला असणंही गरजेचं नाही. एक बारीक शक्यता मात्र वकिलाला जरूर सांगा. तुम्हाला त्या देशात जबरदस्तीने, कागदपत्रं काढून घेऊन अडकवून ठेवलं असेल आणि तुम्ही तिथे नुकत्याच गेला असाल, तर वास्तव्याचा मुद्दा खुला होऊ शकतो. दोन-तीन वर्षं झाली असतील तर त्यावर भिस्त ठेवू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे नवऱ्याचा ताब्याचा हक्क. 'अजून कुठल्याच न्यायालयाने ताबा दिलेला नाही, मग मी कोणाचा हक्क मोडला?' असं जवळजवळ प्रत्येक आई विचारते. हक्क न्यायालयाच्या आदेशानेच मिळतो असं नाही. बहुतेक देशांत लग्नाच्या आईवडिलांना तो कायद्यानेच, दोघांना बरोबरीने मिळतो. शिवाय मुलाने कुठे राहायचं हे ठरवण्याचा अधिकार करार स्वतःच ताब्याच्या हक्कात मोजतो. मूल देशाबाहेर न्यायला दुसऱ्याची संमती लागते, एवढी तरतूद असली तरी पुरे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केलं. तेव्हा 'मीच तिचं सगळं करते' हे खरं असलं तरी त्याने त्याचा हक्क नाहीसा होत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण सगळी लढाई तिथेच होते. परत पाठवायला नकार देण्याची मोजकी कारणं करारात आहेत. त्यातलं तुमच्या कामाचं कारण कलम १३ च्या पहिल्या परिच्छेदाच्या 'ब' भागात आहे : परत पाठवल्याने मुलाला शारीरिक किंवा मानसिक इजा होण्याचा गंभीर धोका असेल, किंवा त्याची अवस्था असह्य होणार असेल, तर न्यायालय नकार देऊ शकतं. इथे 'मुलाला' असं आहे, आईला नाही. आणि धोका म्हणजे पुढे काय होईल ते, मागे काय झालं ते नव्हे. तुमच्यावर झालेला अन्याय खरा आहे, पण या कलमाखाली न्यायाधीश त्या अन्यायाचा निवाडा करायला बसलेले नसतात. उद्या मुलगी विमानातून त्या देशात उतरली तर पुढचे काही महिने तिचं काय होईल, एवढाच प्रश्न ते विचारतात. तुमची सगळी मांडणी या एका प्रश्नाच्या उत्तरासारखी हवी.

म्हणजे आईला झालेली मारहाण बिनकामाची आहे का? अजिबात नाही. पूर्वी अनेक न्यायालयं 'तो बायकोला मारतो, मुलाला नाही' असं म्हणून विषय संपवायची. ते दिवस बरेचसे मागे पडलेत. आईला मार खाताना पाहणं, ऐकणं, रात्री घाबरून जागं राहणं ही मुलाला होणारी इजाच आहे हे आता न्यायालयं मानतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या 'रे ई' खटल्यात पद्धत घालून दिली. आईचे आरोप खरे धरले तर मुलाला गंभीर धोका आहे का, ते आधी पाहायचं. असेल, तर मुलाचं रक्षण कसं करता येईल ते पाहायचं. रक्षणाची खात्री पटत नसेल, तर मात्र आरोपांच्या खरेखोटेपणात शक्य तितकं शिरायचं. त्याच न्यायालयाने पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला फार महत्त्वाची वाटते : परत जाण्याच्या भीतीने आईच खचली आणि त्यामुळे मुलाची अवस्था असह्य होणार असेल, तर तेही या कलमात बसतं, मग तिची भीती बाहेरच्यांना पटो न पटो. यासाठी डॉक्टरी पुरावा मात्र भक्कम लागतो.

स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१३ मध्ये 'एक्स विरुद्ध लॅटव्हिया' खटल्यात नऊ विरुद्ध आठ अशा मतांनी निकाल दिला की धोक्याचा दावा तथ्य वाटावा असा असेल, तर न्यायालयाला तो खरोखर तपासावा लागतो. आईने आणलेला मानसशास्त्रज्ञाचा दाखला बाजूला सारून आदेश देणं त्या देशाला महागात पडलं. २०१४ पासून करारात आलेल्या जपानने तर आपल्या अंमलबजावणीच्या कायद्यातच लिहिलंय की मुलाला मानसिक इजा होईल अशा रीतीने दुसऱ्या पालकावर हिंसा होण्याची शक्यता आहे का, हे न्यायालयाने पाहावं. ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये आपल्या नियमांत घरगुती हिंसाचाराचा उल्लेख मुद्दाम आणला. हा करार सांभाळणाऱ्या हेगच्या संस्थेने याच कलम १३ च्या 'ब' भागावर २०२० मध्ये न्यायाधीशांसाठी मार्गदर्शिका काढली, आणि २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सँडटन इथे फक्त याच विषयावर पहिली जागतिक परिषद घेतली, जिथे मारहाणीतून सुटलेल्या आयांनाही बोलायला मिळालं. वारं बदलतंय हे नक्की. पण तुमचा खटला आज, एका ठरावीक देशात, एका ठरावीक न्यायाधीशासमोर उभा राहणार आहे, आणि देशादेशांत फरक मोठा आहे. अमेरिकेत हा करार राबवणाऱ्या १९८८ च्या कायद्यानुसार हा धोका 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुराव्याने सिद्ध करावा लागतो, जी नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा वरची पायरी आहे.

धोका मान्य झाला तरी गोष्ट तिथे संपत नाही. अर्जदार बापाचा वकील उठतो आणि संरक्षणाच्या उपायांची यादी पुढे करतो. इथे सगळ्यात जास्त बायका हरतात, म्हणून जरा थांबून हे नीट बघू. बाप न्यायालयाला जे हमीपत्र लिहून देतो त्यात साधारण अशी वाक्यं असतात : 'मी पत्नीला मारहाण करणार नाही. ताब्याचा पहिला आदेश होईपर्यंत मी घराबाहेर राहीन. मी तिला व मुलीला दरमहा खर्च देईन. मी तिच्याविरुद्ध फौजदारी तक्रार करणार नाही.' वाचताना बरं वाटतं. आता एकेक वाक्य उचलून बघा. पहिलं वाक्य लिहिणाऱ्यावर आधीचाच संरक्षण आदेश मोडल्याची नोंद पोलिसांत असेल, तर या नव्या शब्दाला काय किंमत? घराबाहेर राहीन म्हणतो, पण घर त्याच्या भावाच्या नावावर असेल तर तुम्हाला तिथे राहू देणार कोण? खर्च कोणत्या तारखेपासून, किती, कोणत्या खात्यात, आणि पहिला हप्ता तुम्ही विमानात बसण्याआधी येणार का? तक्रार करणार नाही म्हणतो, पण ती आधीच केलेली असेल तर अनेक देशांत ती मागे घेणं त्याच्या हातात उरलेलं नसतं, खटला सरकारचा होतो. आणि सगळ्यात मोठा प्रश्न : एका देशाच्या न्यायालयाला दिलेलं हे वचन त्या दुसऱ्या देशात मोडलं, तर ते राबवणार कोण? बहुतेक ठिकाणी उत्तर असतं, कोणीच नाही.

म्हणून तुमच्या वकिलाने हमीपत्रावर समाधान मानू नये. मूळ देशातल्या न्यायालयानेच तसाच आदेश आधी काढावा, म्हणजे तो तिथे राबवता येईल, असा आग्रह धरावा. दोन्ही देश १९९६ च्या हेग बालसंरक्षण कराराचे सदस्य असतील, तर तातडीचे संरक्षण आदेश सीमेपलीकडेही मान्य होतात. युरोपीय संघात १ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीतही पुरेशा संरक्षणाची व्यवस्था खरोखर झाली आहे का, हे पाहण्यावर भर आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका इटलीच्या प्रकरणात सांगितलं की गंभीर धोका सिद्ध झाल्यावर संरक्षणाचा प्रत्येक संभाव्य उपाय तपासून पाहण्याची सक्ती न्यायालयावर नाही, मुलाची सुरक्षितता आधी. त्या प्रकरणात बाप आईला मारायचा, मुलाला थेट मारत नव्हता, आणि मुलाने हे सगळं पाहिलेलं होतं. बायकांच्या बाजूने हा मोठा निकाल. तरीही फेरविचारात खालच्या न्यायालयाने मुलाला इटलीला पाठवण्याचाच आदेश पुन्हा दिला. कायद्याचं वाक्य आपल्या बाजूने आलं तरी खटला आपल्या बाजूने जातोच असं नाही, हे यातून ध्यानात घ्या.

मग न्यायाधीशांना काय पटतं? 'तो मला फार छळायचा, सतत मारायचा, मुलगीही घाबरलेली असते' असं प्रतिज्ञापत्र मी असंख्य वेळा वाचलंय. त्यातलं अक्षरन् अक्षर खरं असतं आणि त्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. त्याऐवजी असं लिहा : अमुक महिन्यातल्या शनिवारी रात्री त्याने मला भिंतीवर ढकललं, मुलगी खोलीच्या दारात उभी होती, ती ओरडली, मी तिला घेऊन न्हाणीघरात कडी लावून बसले, शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं, त्यांच्या नोंदीचा क्रमांक हा. त्यानंतर तीन आठवडे मुलगी अंथरूण ओलं करत होती, शाळेच्या बाईंनी तिच्या वागण्यातल्या बदलाबद्दल मला ईमेल केला, तो जोडला आहे. दिवस, जागा, मुलगी नेमकी कुठे होती, तिने काय पाहिलं, नंतर तिच्यात काय बदल दिसला, आणि या प्रत्येकाचा दुसरा कोणी साक्षीदार किंवा कागद. तिने काय पाहिलं हे कधीच गाळू नका. बायका स्वतःच्या जखमांबद्दल लिहितात आणि मूल दाराशी उभं होतं हे लिहायला विसरतात, कारण त्या आठवणीचं ओझं फार असतं.

पोलिसांकडे कधी गेलाच नाहीत तर? बहुतेक बायका गेलेल्या नसतात, आणि यावरून त्यांना खोटं ठरवणं फार अन्यायाचं आहे. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून, भाषा परकी, बँकेचं खातं त्याच्या नावावर, मग तक्रार करणार कशी? हे सगळंसुद्धा पुराव्यात मांडा, कारण पैसे, कागदपत्रं आणि फोन ताब्यात ठेवणं हा छळाचाच भाग आहे. इंग्लंडने २०१५ मध्ये अशा नियंत्रणाला स्वतंत्र गुन्हा ठरवलं. डॉक्टरांच्या नोंदी, बहिणीला त्याच रात्री पाठवलेले मेसेज, फोटो मूळ फाईलसकट, मदतकेंद्राला केलेल्या फोनची नोंद, सगळं चालतं. हे सगळं त्याला उघडता येणार नाही अशा ईमेलवर किंवा विश्वासू माणसाकडे ठेवा. फोनचा पासवर्ड त्याला माहीत असेल तर आधी तो प्रश्न सोडवा. आणि मुलीला काहीही पढवू नका. पढवलेलं मूल मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतं, आणि मग तुमचं खरंही खोटं वाटायला लागतं.

नकाराची बाकीची कारणं थोडक्यात. त्याने आधी संमती दिली असेल किंवा नंतर मान्य केलं असेल, तर परत पाठवणं टळू शकतं, पण 'जा, निघून जा तिला घेऊन' असं रागात म्हणणं ही संमती नव्हे. मुलाचं स्वतःचं ठाम म्हणणं वयाप्रमाणे विचारात घेतलं जातं. सहा वर्षांच्या मुलीच्या म्हणण्याला या मुद्द्यावर फारसं वजन मिळत नाही. वर्षभरानंतर अर्ज आला आणि मूल नव्या जागी रुळलं असेल तरीही नकार मिळू शकतो. हे वाचून काहीजणी ठरवतात की वर्षभर लपून काढायचं. कृपा करून हा मार्ग धरू नका. लपवलेलं मूल शाळेत नीट रुजत नाही, त्यामुळे ते 'रुळलं' हे दाखवताच येत नाही, आणि पकडलं गेल्यावर न्यायालयाचा तुमच्यावरचा विश्वास कायमचा जातो.

वेळेबद्दलही सांगायला हवं. करारात सहा आठवड्यांचं उद्दिष्ट आहे. २०२१ च्या अर्जांचा जो अभ्यास मी वर सांगितला त्यात निकालापर्यंतचा सरासरी काळ २०७ दिवस निघाला. तरीही आईच्या दृष्टीने सुरुवातीचा काळ फार तोकडा असतो. नोटीस आली की उत्तर द्यायला काही दिवस, पुरावे दुसऱ्या देशात, साक्षीदार दुसऱ्या देशात. वर पैशाचा तराजूही समान नाही. इंग्लंडमध्ये कराराखाली अर्ज करणाऱ्या पालकाला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो, प्रतिवादी आईला मात्र उत्पन्नाच्या अटी लागतात. म्हणूनच पुरावे निघण्याआधी गोळा करा म्हणते. नंतर ते हाताला लागत नाहीत.

आईवडिलांचा देश करारात नसेल तर? भारत त्यात नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही सुधारून दिला, पण मारहाणीतून परत आलेल्या आयांचं काय, याच प्रश्नावर घोडं अडलं. इथे बाप उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयासमोर हजर करा अशी, याचिका करतो आणि न्यायालय मुलाचं हित पाहून ठरवतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, त्याने निकाल आपोआप ठरत नाही. यावरून 'भारतात आलं की सुटलो' असा निष्कर्ष काढू नका. त्याच न्यायालयाने २०१९ आणि २०२० मध्ये मुलांना अमेरिकेत परत नेण्याचे आदेश दिले आहेत. शिवाय तिकडे तुमच्या गैरहजेरीत ताब्याचा आदेश होतो, अटकेचं वॉरंट निघू शकतं, आणि मग मुलीला तिच्या बापाला भेटवायलाही तुम्ही त्या देशात पाऊल ठेवू शकत नाही. मूल देशाबाहेर पळवण्याविरुद्धच्या अमेरिकेच्या १९९३ च्या फौजदारी कायद्यात घरगुती हिंसाचारातून पळून जाणं हा बचाव म्हणून लिहिलेला आहे, पण तो मांडायला आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी या विषयावर बोलताना राहून जाते. कधी कधी मूल पळवणारा हाच मारणारा असतो. बायको घर सोडते आणि तिला शिक्षा म्हणून तो मूल घेऊन देशाबाहेर जातो. अशा आईसाठी हाच करार जीवनदान ठरतो. म्हणून करार रद्द करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. तुमच्या बाबतीतही ही शक्यता आजच लक्षात घ्या. मुलीचा पासपोर्ट त्याच्या कुलपात आहे हे वाचून मला पहिली काळजी तिची वाटली. तुम्ही तिला न्याल याची नाही, तो नेईल याची.

आता वाट. त्या देशातल्या न्यायालयात तीन गोष्टी एकत्र मागा : संरक्षण आदेश, मुलीचा तात्पुरता ताबा, आणि तिचा पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याचा आदेश. त्यानंतर मुलीसह कायमचं स्थलांतर करण्याची परवानगी मागा. २०१० मध्ये वॉशिंग्टनला न्यायाधीशांनी आणि तज्ज्ञांनी मिळून जो जाहीरनामा काढला, त्यात अशी परवानगी देताना घरातल्या हिंसाचाराचा इतिहास पाहावा असं स्पष्ट म्हटलंय. महिलांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या, कौन्सिल ऑफ युरोपच्या २०११ च्या इस्तंबूल करारानेही, तो तुमच्या देशाला लागू असेल तर, ताब्याचे निर्णय घेताना हिंसाचाराच्या घटना विचारात घेणं बंधनकारक केलंय. ही वाट वेळखाऊ आहे, परवानगी नाकारलीही जाते. पण इथे न्यायालय मुलीच्या हिताचा पूर्ण विचार करतं आणि तुमचं सगळं म्हणणं ऐकतं, कलम १३ सारख्या अरुंद फटीतून नाही. परवानगी मिळाली की तो आदेश घेऊन तुम्ही उघडपणे विमानतळावर जाऊ शकता. वकील परवडत नसेल तर घरगुती हिंसाचाराची मदतकेंद्रं मोफत कायदेशीर मदत कुठे मिळते ते सांगतात. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, कारण काही देशांत हिंसाचार सोसलेल्या जोडीदाराला स्वतंत्रपणे राहण्याची सोय आहे.

तुमच्यासारखी जी बाई आधीच निघून आलेली असेल तिने या आठवड्यात दोन्ही देशांतले वकील गाठावेत. मुलीचा पत्ता न्यायालयापासून लपवू नये. नवऱ्याला पत्ता कळू नये अशी विनंती न्यायालयाला करता येते. मुलीला शाळेत घालावं, डॉक्टरला दाखवावं, वडिलांशी व्हिडिओवर बोलू द्यावं, तिसऱ्या कोणाच्या देखरेखीत का होईना, जर मुलीला त्याने त्रास होत नसेल तर. परत जावं लागलंच तर कोणत्या अटींवर, हे नोटीस येण्याआधी ठरवून ठेवावं, कारण वाटाघाटीत तिची बाजू तेव्हाच सगळ्यात बळकट असते.

आणि तुमच्यासाठी : वकिलाशी पहिला फोन त्याच्या फोनवरून किंवा घरच्या वायफायवरून करू नका. शाळा, ग्रंथालय किंवा डॉक्टरच्या दवाखान्यातून करा. बोलताना पहिल्या तीन मिनिटांत हे सांगा : मुलीचं वय, त्या देशात किती वर्षं, पासपोर्ट कोणाकडे, शेवटची मारहाण कधी, मुलगी तेव्हा कुठे होती, आणि तो तिला घेऊन जाईल अशी भीती वाटते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, म्हणजे मुलीला देशाबाहेर नेऊ देऊ नये अशी सूचना विमानतळावर लावण्याचा अर्ज वकील त्याच दिवशी करू शकेल.